अवसाद : ओळख व साहाय्य यांचा इतिहास

अवसाद : दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस नाहीसा होणे आणि त्यांच्या जोडीने झोप, भूक, शक्ती, एकाग्रता व स्वतःविषयीची भावना यांत होणारा प्रतिकूल बदल यांनी युक्त अशी मनोविकृती. व्यवहारात तिला नैराश्य, औदासीन्य किंवा नुसते ‘डिप्रेशन’ असे म्हटले जाते. प्रासंगिक उदासीनता हा मानवी स्वभावाचाच भाग असून ती विकृती नव्हे. उदासीनतेची ही दोन रूपे परस्परांपासून वेगळी कशी ओळखावीत, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. जमीन जाणे, पीक बुडणे, आप्त दगावणे यांसारखे दुःखाचे कारण जेथे उघड व खरे असते, तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. प्रस्तुत नोंदीत अवसादाच्या संकल्पनेचा विकास, महाराष्ट्र व गोवा येथील त्याची ओळख व त्यावरील साहाय्याची व्यवस्था यांचा आढावा घेतला असून त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या इतिहासाचा दाखला घेतला आहे.

संज्ञा व प्राचीन विचार : प्राचीन ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझच्या परंपरेतील वैद्यांनी दीर्घकालीन भीती व खिन्नता यांचा संबंध शरीरातील ‘कृष्णपित्ता’शी जोडला. ‘मेलँकोलिया’ ही संज्ञा त्यावरूनच आली. रॉबर्ट बर्टन या इंग्रज ग्रंथकाराने १६२१ मध्ये या विषयावर एक बृहद्ग्रंथ लिहिला आणि त्यात एकांत व रिकामपण यांना खिन्नतेची पोषक कारणे मानले. भारतीय परंपरेत ‘विषाद’ हा शब्द प्रचलित होता. चरकसंहितेत वातविकारांच्या गणनेत विषादाचा समावेश असून रोग वाढविणाऱ्या गोष्टींत त्याला अग्रस्थान दिले आहे. भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ हे नाव असून गात्रे शिथिल होणे, तोंडाला कोरड पडणे, उभे राहण्याचे बळ नाहीसे होणे अशी शारीरिक चिन्हे त्यात वर्णिली आहेत. अर्जुनाची ही अवस्था तात्कालिक असल्याने आजच्या अर्थाने तिला रोग म्हणता येणार नाही; तथापि मनाची व्यथा शरीरातून प्रकट होते, हे निरीक्षण त्यात स्पष्ट दिसते.

मराठी लोकजीवनातील ओळख : मराठी बोलींत या अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही. ‘मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘जिवाला घोर लागला’ हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. एखाद्या आघातानंतर माणूस हळूहळू खंगत गेला, तर त्याने ‘हाय खाल्ली’ किंवा ‘खंत घेतली’ असे म्हणतात. यावरून असे दिसते, की लोकांना अवस्था ओळखता येत होती; मात्र तिच्यावर उपाय असू शकतो ही कल्पना त्या शब्दांत नव्हती. हाय खाणे हा नशिबाचा किंवा स्वभावाचा भाग समजला जाई. उपाय योजलाच, तर तो देवऋषी, भगत, नवस, अंगारा यांचा असे. अशा उपायांत आजाऱ्याला घरच्यांची सोबत व आशा मिळे, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु पुष्कळदा आजाराचा काळ लांबे आणि काही वेळा त्याचा छळही होई. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे.

इंग्रजी अंमलातील व्यवस्था : १८५८ च्या कायद्याने भारतात वेड्यांच्या रुग्णालयांना वैधानिक चौकट मिळाली व १९१२ च्या कायद्याने तीत सुधारणा झाली. नागपूर, रत्नागिरी, ठाणे (१९०१) व पुण्याजवळील येरवडा येथे अशी रुग्णालये स्थापन झाली. ही चारही ठिकाणे आजच्या महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालयांची आहेत. या व्यवस्थेचा रोख प्रामुख्याने सार्वजनिक सुरक्षिततेवर होता. भटकणारा, आरडाओरडा करणारा अथवा धोकादायक वाटणारा मनुष्य पोलिसांकडून दंडाधिकाऱ्यापुढे नेला जाई व त्याच्या हुकुमाने रुग्णालयात दाखल होई. घराच्या कोपऱ्यात निमूट बसून राहणारी, अन्न सोडलेली व्यक्ती या वाटेने क्वचितच तेथे पोहोचे. त्यामुळे तत्कालीन अहवालांत उन्मादाच्या मानाने खिन्नतेचे रुग्ण थोडे दिसतात. वसाहतींतील लोकांत अवसाद विरळाच आढळतो, असा समज पाश्चात्त्य वैद्यकवर्तुळात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. मदुराईचे अ. वेंकोबा राव व इतर भारतीय मानसोपचारतज्ञ यांच्या अभ्यासांतून तो निराधार ठरला. येथील रुग्ण खिन्नतेची तक्रार न सांगता बहुधा अंगदुखी, थकवा, निद्रानाश अशा शारीरिक तक्रारी सांगतात, हे या अभ्यासांतून पुढे आले. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात, दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाविना मनोरुग्णाला तपासण्याची सोय पश्चिम भारतात येथून आरंभली.

मुळशीचा दाखला : मुळशी हा सह्याद्रीच्या कुशीतील, भाताच्या खाचरांचा व अतिवृष्टीचा प्रदेश. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी कोकणच्या बाजूस सोडावे व त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात येऊ लागली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास प्रारंभ केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यात मिळाले. वि. म. भुस्कुटे हे लढ्याचे दुसरे प्रमुख नेते व पुढे त्याचे इतिहासकार होत. अनेक जमिनींची मालकी सावकारांकडे होती व त्यांनी वाढीव मोबदल्यावर तडजोड स्वीकारली. कसणाऱ्या मावळ्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. १९२४ च्या अखेरीस लढा संपुष्टात आला आणि गावे पाण्याखाली गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले.

या घटनेची कागदपत्रे जमिनीचे क्षेत्र, मोबदल्याची रक्कम, अटका व शिक्षा यांची मोजदाद करतात. घर, देऊळ, खाचर आणि शेजार एकदमच गमावलेल्या कुटुंबांच्या मनःस्थितीची मोजदाद करणारे दप्तर त्या काळी अस्तित्वात नव्हते. सर्वांत जवळचे मनोरुग्णालय येरवड्याचे, आणि तेथील दार वर सांगितल्याप्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने उघडत असे. तेव्हा त्यांपैकी कितीजणांचे दुःख काळाबरोबर निवले आणि कितीजणांनी हाय खाल्ली, याचे उत्तर इतिहासाला देता येत नाही. आज मागे वळून त्यांच्यावर रोगाचा शिक्का मारणेही योग्य नव्हे. त्यांचा क्षोभ न्याय्य होता व तो त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने व्यक्त केला. परंतु अशा हानीनंतर समाजातील काही व्यक्तींना अवसाद जडण्याचा संभव वाढतो, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

शोक आणि अवसाद : जर्मन मनोविकारतज्ञ एमील क्रेपेलीन याने १८९९ मध्ये उद्दीपन व अवसाद यांच्या आलटून पालटून येणाऱ्या अवस्थांना एकाच विकृतीत गोवले [→ उद्दीपन–अवसाद चित्तविकृति]. सिग्मंड फ्रॉइड याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोक व विषण्णता यांतील भेद मांडला : शोकात जग रिते वाटते, तर विषण्णतेत माणसाला आपण स्वतःच रिते व हीन वाटू लागतो. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनमधील स्त्रियांच्या पाहणीवरून असे दाखविले, की मोठ्या हानीनंतर सर्वांनाच अवसाद होत नाही; मन मोकळे करण्यास विश्वासाचे माणूस नसणे, बालपणी आई गमावलेली असणे, घरात लहान मुलांचा भार असणे व घराबाहेर काम नसणे या गोष्टींनी तो संभव वाढतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात निकटच्या आप्ताच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक शोक अवसादातून वगळला होता. २०१३ च्या आवृत्तीत हा अपवाद काढून टाकण्यात आला, कारण शोकग्रस्त माणसालाही उपचारयोग्य अवसाद होऊ शकतो असे दिसून आले. याविषयी मतभेद आहेत. तथापि व्यवहारापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे : दुःखाला कारण आहे एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही, आणि आजार आहे एवढ्यावरून कारणाकडे डोळेझाक करता येत नाही. मोबदला, पुनर्वसन, कर्जमुक्ती यांचे काम औषधाने होत नाही. तसेच औषधाचे काम मोबदल्याने होत नाही.

लक्षणे : दिवसाचा बहुतेक काळ खिन्न वाटणे आणि कशातच गोडी न वाटणे ही दोन प्रमुख लक्षणे होत. त्यांपैकी किमान एक व त्यासोबत पुढीलपैकी काही लक्षणे दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज राहिली आणि त्यांमुळे नित्याच्या कामात अडथळा येऊ लागला, तर अवसादाची शंका घ्यावी : झोप न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, क्वचित अतिझोप, भूक व वजन घटणे किंवा वाढणे, थोड्या श्रमानेही थकवा, हालचाली व बोलणे मंदावणे अथवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांवर भार आहोत असे वाटणे व अकारण अपराधी भावना, लक्ष न लागणे, साध्या गोष्टीचाही निर्णय न होणे, मरणाचे विचार मनात घोळणे. सकाळी अवस्था अधिक वाईट व संध्याकाळी किंचित बरी, असा क्रम पुष्कळांत आढळतो.

वय व परिस्थिती यांनुसार लक्षणांचे रूप पालटते. पुरुषांत चिडखोरपणा व वाढते मद्यपान यांच्याआड अवसाद दडलेला असू शकतो. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या केंद्राने व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. त्यामुळे व्यसनामागील मनोव्यथेकडेही लक्ष गेले. प्रसूत स्त्रियांतील अवसाद ‘अशक्तपणा’ समजून सोडून दिला जातो. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत अवसाद आढळला. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. वृद्धांत विसराळूपणा हे अवसादाचे लक्षण असू शकते व त्याला स्मृतिभ्रंश समजण्याची चूक होते. किशोरवयात खिन्नतेऐवजी चिडचिड व अभ्यासातील घसरण आढळते. गलग्रंथीचा मंदावलेला स्राव, पांडुरोग व काही औषधे यांमुळेही अशीच लक्षणे उद्‌भवत असल्याने शारीरिक तपासणी आवश्यक ठरते.

उपचारांचा विकास : विद्युत् आघात चिकित्सा १९३८ मध्ये इटलीत चेर्लेत्ती व बीनी यांनी प्रथम योजली. आज ती भूल व स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करता येते. २०१७ च्या भारतीय कायद्याने त्यांविना ती करण्यास मनाई केली आहे. औषधांच्या इतिहासात सर्पगंधा या भारतीय वनस्पतीला विशेष स्थान आहे. तिच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या निबंधाने तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातील ‘रेसर्पीन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत अवसाद दिसल्यावरून मेंदूतील संदेशवाहक रसायनांचा या विकृतीशी संबंध असावा, असा तर्क पुढे आला. तो तर्क आज अपुरा मानला जात असला, तरी संशोधनाला त्याने दिशा दिली. १९५७ च्या सुमारास ‘इमिप्रमीन’ व ‘आयप्रोनियाझिड’ ही पहिली अवसादरोधी औषधे आणि १९८७ मध्ये अमेरिकेत ‘फ्लुओक्झेटीन’ प्रचारात आले. या औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात व बरे वाटू लागल्यानंतरही ती काही महिने घ्यावी लागतात. झोपेच्या गोळ्यांप्रमाणे त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र ती वैद्याच्या सल्ल्याविना एकाएकी थांबवू नयेत.

संभाषणावर आधारलेल्या उपचारांत ॲल्बर्ट एलिसने १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती व ॲरन बेकची बोधात्मक उपचारपद्धती महत्त्वाच्या होत. पहिलीचा परिचय कि. मो. फडके यांनी मराठीतून ग्रंथलेखन करून दिला. ठाणे येथे १९९० मध्ये आनंद नाडकर्णी व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने उपचारांबरोबर लोकशिक्षणाचे कार्य केले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या मराठी चित्रपटात अवसादाने ग्रासलेल्या तरुणाची कथा असून २०१६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

गावपातळीवरील साहाय्य : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले; महाराष्ट्र त्यांत नव्हता. मानसोपचारतज्ञांची संख्या अल्प असल्याने सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन ही उणीव भरून काढता येईल काय, हा प्रश्न गोवा व विदर्भ येथील दोन प्रयोगांनी तपासला. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या ‘संगथ’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा साधा उपचार देवविला. रुग्णाने सोडून दिलेली दैनंदिन कामे व गाठीभेटी थोड्या थोड्या पुन्हा सुरू कराव्यात, हे त्याचे सूत्र होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण अवसादमुक्त झाले. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमापूर्वी अवसादग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक साहाय्य घेत. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्याची योजना आखली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे कर्ज, भाव, पाऊस यांची आर्थिक कारणे असल्याने त्यांना केवळ मनोविकार म्हणणे चुकीचे ठरेल, हा आक्षेप येथेही लागू आहे. त्याचे उत्तर वर शोकाच्या संदर्भात आलेच आहे.

कायद्यातील बदल : आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा असल्याने अनेक कुटुंबे तो लपवीत व उपचार टाळीत. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मनोविकाराने पीडित असलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते वैध मानले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने—तो २९ मे २०१८ पासून अमलात आला—असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने कलम उरलेले नाही.

साहाय्य घेणे व देणे : वरील लक्षणे स्वतःत वा घरात दिसल्यास प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रातील वा कुटुंबाच्या वैद्याकडे जावे आणि अंगदुखी, थकवा यांबरोबरच मनाची अवस्थाही स्पष्ट शब्दांत सांगावी, ती न सांगितल्यास पुष्कळदा विचारली जात नाही. जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, विनामूल्य सल्ला मिळतो. आप्तेष्टांनी ‘मन घट्ट कर’, ‘सगळे तर आहे तुझ्याकडे’ असे उपदेश टाळून ऐकून घ्यावे व दवाखान्यात सोबत जावे. मरणाचे विचार येतात काय, असे आपुलकीने व सरळ विचारल्याने ते बळावत नाहीत. उलट सांगण्यास वाट मिळते. तसे विचार असल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

मुळशी तालुक्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसरे स्थित्यंतर घडत आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल, डोंगरांवरील वसाहती व पुण्याचा विस्तार यांमुळे जमिनीला भाव आला आणि अनेक कुटुंबांनी शेती विकली. पैसा आला, तरी पिढीजात काम व त्यातून मिळणारी प्रतिष्ठा गेली. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने या स्थित्यंतराच्या गुन्हेगारी बाजूकडे लक्ष वेधले. त्याच हानीची मुकी बाजू घराघरांत असू शकते. त्याच तालुक्यात संगणकासमोर रात्रपाळी करणारा परगावचा तरुणही राहतो. त्याचे एकटेपण वेगळ्या प्रकारचे असते. १९२१ च्या मावळ्याला आपली व्यथा नेण्यासाठी कचेरी व तुरुंग याखेरीज जागा नव्हती. आज आरोग्य केंद्र, दूरध्वनी सेवा व कायद्याचे संरक्षण उपलब्ध आहे. त्यांचा उपयोग होण्यासाठी ‘मन लागत नाही’ हे वाक्य कानी पडताच ते लक्षण म्हणून ऐकणारी माणसे घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत व कचेऱ्यांत असणे आवश्यक आहे.